पूर्णेचे सांधे

परभणीहून नांदेडकडे जाताना पूर्णा लागते, आणि गावाआधी नजरेत भरतात ते रूळ. मनमाड–हैदराबाद ही मीटरगेज निजामाच्या राजवटीत इथून गेली. 1912 मध्ये हिंगोलीचा फाटा निघाला आणि पूर्णा जंक्शन झालं. त्या फाट्याची अकोल्यापर्यंत ब्रॉडगेज व्हायला मात्र 2008 उजाडलं. अजिंठ्याच्या डोंगरातून आलेली पूर्णा नदीदेखील इथून जवळच गोदावरीला मिळते.

रूळ जिथे वाट बदलतो तो सांधा आणि तो बदलणारा सांधेवाला. दुसरे सांधे माणसांचे. पोती वाहणारे हमाल, यार्डातले कामगार, तालमीतली पोरं यांचं काहीतरी दुखावणारच. मग आठवतो हाडवैद्य.

त्याच्याकडे जाणाऱ्यांची भाषा भलती काटेकोर. पाऊल वाकडं पडलं तर ‘मुरगळलं’. ओझं उचलताना पाठीत कळ आली तर ‘उसण भरली’. खांद्याचं हाड खोबणीतून सुटलं तर ‘निखळलं’. निखळलेलं ‘बसवायचं’, मोडलेलं ‘सांधायचं’. या दोन क्रियापदांत घोळ होत नाही. उसणीवर पायाळू माणसाची, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेल्याची, लाथ हा उपाय. तो कितपत लागू पडतो हे लाथ खाणाऱ्यालाच विचारावं! मोडलेल्या हाडाला बांबूच्या कामट्या, वर आंबेहळद-रक्तबोळाचा लेप, जोडीला हाडसांधीची वेल.

यामागे जुनं शास्त्र आहे. सुश्रुतसंहितेत सांधा निखळण्याचे सहा आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार सांगितले आहेत. उपचार चार: आंछन म्हणजे ओढणं, पीडन म्हणजे दाबणं, संक्षेप म्हणजे जागेवर आणणं आणि शेवटी बंधन.

निजामाच्या राजधानीत, हैदराबादेत, हाडं बसवणाऱ्याला ‘पहिलवान’ म्हणतात, कारण ही विद्या आखाड्यात वाढली. दक्षिण चीनमध्येही तसंच. कँटोनीज भाषेत या उपचाराला ‘तित-ता’ म्हणतात. शब्दशः पडणं आणि मार लागणं. तिथला प्रसिद्ध कुंग फू गुरू वाँग फे-हंग ‘पो ची लाम’ या आपल्या दवाखान्यात हेच उपचार करी. हाँगकाँगमध्ये तर आज हाडवैद्यकी ही नोंदणीकृत चिनी वैद्यांची एक अधिकृत शाखा आहे.

पण कामट्या फार आवळल्या तर बोटं निळी पडतात, बधिर होतात. रक्तपुरवठा तुटला तर हातपाय गमावण्याची वेळ येते. हाड कातडी फाडून बाहेर आलं असेल तर लेपाचं तिथे काही काम नाही. अशा वेळी नांदेडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठावं.