आवाजाच्या पुढे

लढाऊ विमान बघताना आवाजाकडे मान वळवली की फसगत ठरलेली. तीन किलोमीटरवरून आवाज पोचायला नऊएक सेकंद लागतात, तोवर विमान दोन किलोमीटर पुढे निघून गेलेलं असतं. हे गणित सगळ्यांना येतं. पण नजर नेमकी कुठे ठेवायची, ते त्यातून सुटत नाही. वारा, ढग, इमारतींवरून परतणारा आवाज, दर खेपेला काहीतरी वेगळंच.

नोकरीची वर्षं पुण्यात गेली. १९९७ साली तिथल्या लोहगाव हवाई तळावर सुखोई-३० आली, तेव्हापासून कुंपणाबाहेरच्या रस्त्यावर उभं राहून मी हा अंदाज बसवत आलो. अमेरिकेत नेव्हाडाच्या वाळवंटात नेलिस तळाबाहेर लोक लांबलचक लेन्स लावून उघड उभे असतात. २००८च्या रेड फ्लॅग सरावाला आपली सुखोई तिथे गेली होती. आपल्याकडे तळाचे फोटो काढायला मनाई, म्हणून ही विद्या कानाची झाली, आणि माझ्या मते तेच बरं झालं. हल्लीची पोरं चोरून मोबाइल उंचावतात. नियम तर मोडतातच, वर विमानही बघत नाहीत. याचा मला मनापासून राग येतो.

माझा कान तयार होता आणि त्याची मला घमेंड होती. टपरीवर गप्पा रंगलेल्या असताना मी चहाचा ग्लास खाली ठेवायचो आणि म्हणायचो, "दोन आहेत, दुसरं जरा मागे." लोक आधी माझ्याकडे बघायचे, मग आभाळाकडे. निम्मा वेळ मी त्यासाठीच जात होतो.

आता वरच्या पट्टीतलं ऐकू येत नाही. ओझरच्या कारखान्यातून बाहेर पडलेलं मिग-२१, २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडमध्ये निवृत्त झालं. त्याचा आवाज सगळ्यांसाठीच गेला. सुखोईचा माझ्यापुरता अर्धा गेलाय. छातीतली धडधड पोचते, पण दिशा सांगणारी बारीक कड पोचत नाही.

गावी, म्हसळ्याला परतल्यावर डोळा नव्याने तयार करतोय. चिरगावकडे गिधाडं आहेत, आणि घिरट्या घालणाऱ्या गिधाडाचा आवाज खाली येत नाही. नुसत्या रिकाम्या आभाळाकडे बघत राहिलं की डोळा मीटरभरावरच स्थिरावतो आणि लांबचं पुसट होतं. म्हणून आधी डोंगराच्या कडेवरचं एखादं झाड फांदी न् फांदी वेगळी होईपर्यंत बघायचं, मग तीच नजर सैल न सोडता वर न्यायची. काही क्षणांत ती पुन्हा जवळ येते. पुन्हा झाड, पुन्हा आभाळ. मान भरून येते.

नात सोबत असते. हे तिला मीच शिकवलं. परवा मी झाडावरून नजर उचलतोय तोच ती म्हणाली, "आबा, तिकडे नाही, डावीकडे बघा." पंखांखालचा पांढरा भागसुद्धा तिला दिसला होता. मी शाबासकी दिली. दुसऱ्या दिवशी तिला न सांगता एकटाच गेलो. ऊन तापल्याशिवाय गिधाडं उंच चढत नाहीत हे माहीत असूनही सकाळी लवकर जाऊन त्या झाडाशी झटत बसलो.

दिवाळीनंतर तिला लोहगावला न्यायचंय. तिथे पहिलं विमान मला दिसलं पाहिजे.