बागेतली रात्र, जागलीची रात्र

पांढरकवड्याजवळचे टिपेश्वर अभयारण्य सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे. तिथले वाघ पाहायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी जंगलाच्या कडेला बागबगीच्यांची हॉटेले झाली आहेत. शहरातल्या भाच्याच्या आग्रहाने आम्ही उभयता तिथे एक रात्र राहिलो. हिरवीगार लॉन, फुलांचे ताटवे, मऊ गादी आणि हातात आयता चहा! संसारात बाईला असा चहा कितीदा मिळतो? रात्री पाहुणे डरकाळी ऐकू यावी म्हणून हौसेने जागत होते.

कुंपणापलीकडे हरभऱ्याच्या शेतात मात्र बॅटरीचा उजेड फिरत होता. कोणी शेतकरी रानडुकरे हाकलायला जागलीला आला होता. डरकाळी कानी पडू नये, हीच त्याची प्रार्थना असणार. तेरा बळींचा ठपका असलेली अवनी वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी मारली गेली. तोवर राळेगाव-पांढरकवडा भागातल्या बायाबापड्या शेतात जायला धजत नव्हत्या.

वाघ जगलाच पाहिजे. पण त्याच्यामुळे येणाऱ्या पैशातून जागलीवरच्या माणसाच्या शेताला आधी कुंपण व्हावे. मग त्यालाही रात्री घरी निजता येईल.