वैशाखातला वणीचा रस्ता

यवतमाळहून मारेगावमार्गे वणीला जावे ते वैशाखात. वाचक म्हणतील, हा कसला सल्ला! पण आमच्या जिल्ह्याचे खरे रूप पाहायचे तर पारा पंचेचाळिशीला टेकलेलाच हवा. पऱ्हाट्या उपटलेली काळी राने भेगाळून पडलेली असतात. अनवाणी पाऊल टाकावे तर तापल्या तव्यावर पडल्यासारखे होते.

वणी जवळ आली की कोळशाचे ट्रक धुळीचे लोट उडवीत समोरून येऊ लागतात. हा कोळसा म्हणजे २५ कोटी वर्षांहूनही जुन्या रानांनी साठवलेले ऊनच. ते जुने ऊन आपण जमीन फोडून काढतो आणि आजचे ऊन मात्र डोक्यावरून फुकट जाते!

वाफेशी आमची ओळख जुनी. यवतमाळ–मूर्तिजापूरची ‘शकुंतला’ १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावली. आता ती गाडीच बंद आहे. उन्हाने वाफ करण्याची कल्पनाही जुनीच. मुंबईच्या हायकोर्टात नोकरीस असलेल्या विल्यम ॲडम्स या गृहस्थाने १८७८ च्या सुमारास आरशांनी ऊन एकवटून वाफेचा पंप चालवला होता.

अडचण आहे ती उष्णता टिकवण्याची. काळी वस्तू ऊन चटकन पिते, पण तापली की तीच उष्णता सभोवार सांडू लागते. यावर तोड निघाली ती धातूच्या अतिसूक्ष्म कणांत. मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्श्याएवढे कण चिनी मातीच्या जातीच्या पातळ थरात विखरून तो लेप चकचकीत धातूच्या नळीवर दिला, की ऊन आत शिरते, पण उष्णता फारशी बाहेर पडत नाही. अशा नळीतले तेल सुमारे ४०० अंशांपर्यंत तापवता येते. तेलाने पाण्याची वाफ होते, वाफेने जनित्र फिरते. आरशांच्या पन्हळी आणि तेलाच्या नळ्या यांवर चालणारे ५० मेगावॉटचे केंद्र राजस्थानात नोख येथे २०१३ साली सुरू झाले.

छपरावरच्या सौर पट्ट्यांहून ही वीज आज महाग पडते, हे खरे. पण उष्णता वितळलेल्या क्षारांत साठवून ठेवता येते आणि दिवस मावळल्यावरही वीज मिळते. वणीचा कोळसा कधीतरी सरणारच. खाणींपायी ज्यांची शेते गेली, त्यांच्या मुलांना उद्या याच मुलखात पोट भरता यावे असे वाटत असेल, तर या रस्त्यावरचे ऊन आत्तापासूनच हिशेबात धरायला हवे.