थिबाच्या आवारात

मे महिन्यात रत्नागिरीत दहा वाजताच ऊन अंगावर येतं. वारा पडलेला, हवा खारट, सदरा पाठीला चिकटलेला. थिबा पॅलेसच्या आवारात शिरल्यावर झाडांच्या सावलीत जरा जीवात जीव येतो. समोर तीन मजली लाल इमारत. उतरती छपरं, त्यांखाली अर्धगोल लाकडी महिरपी. झाडाखाली एक रायवळ आंबा पडून फुटला होता आणि मुंगळे कोयीपर्यंत पोचले होते. पायाखाली जांभ्याची लाल माती. सहलीला आलेली मुलं त्या मातीत पकडापकडी खेळत होती. राजवाड्यात एवढा आवाज असलेला मला फार आवडला.

कारण हे घर बांधलं गेलं ते कैद्यासाठी. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. इंग्रजांनी १८८५ साली त्याचं मंडालेचं राज्य घेतलं आणि पुढच्या एप्रिलात त्याला राण्यांसह रत्नागिरीत आणून ठेवलं. ऐन उन्हाळ्यात. तेव्हा तो जेमतेम सत्तावीस वर्षांचा होता. हा वाडा १९१० साली राहण्याजोगा झाला आणि १९१६ च्या डिसेंबरात थिबा गेला. तीस वर्षांच्या कैदेतली सहाच वर्षं या भिंतींत गेली. बाकी सगळी आधीच्या बंगल्यांत.

वरच्या सज्जाच्या बाजूने भाट्याची खाडी आणि पलीकडचा समुद्र दिसतो. पर्यटक इथे हमखास म्हणतात, बिचारा इथून आपल्या देशाकडे बघत बसायचा. पण हा समुद्र पश्चिमेचा. त्याचा देश पाठीमागे, सह्याद्रीच्या आणि आणखी एका समुद्राच्या पलीकडे. इतका देखणा देखावा त्याच्या पुढ्यात होता आणि त्यातली एकही वाट मंडालेला जात नव्हती. मला तर यात इंग्रजांचा हिशेबीपणाच दिसतो. दिल्लीच्या बहादुरशहाला त्यांनी रंगूनला नेलं होतं, तिथेच तो १८६२ साली वारला. आणि थिबा इथे असतानाच, १९०८ साली, रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना त्यांनी मंडालेच्या तुरुंगात धाडलं. सहा वर्षं. माणसाला त्याच्या मातीतून उपटलं की त्याचं बळ सरतं, असा त्यांचा अंदाज होता. टिळकांनी तिथे ‘गीतारहस्य’ लिहिलं.

मला या घरात राजापेक्षा त्याची थोरली लेक जास्त आठवते. रत्नागिरीच्याच गोपाळ सावंतांवर तिचा जीव जडला, त्यांची मुलगी टुटू. राजा गेल्यावर १९१९ साली कुटुंबाला ब्रह्मदेशात परतायची मुभा मिळाली. थोरली गेली आणि लेकीला घेऊन परत आली. बापाला जिथे डांबलं होतं तिथे ती आपल्या पायांनी आली, आणि १९४७ साली इथेच वारली. राजा आणि धाकटी राणी यांच्या समाध्या गावात आहेत, त्या बघायला लोक जातात. टुटूचा विषय मात्र एखाद्या वाक्यात आटोपतो. ती रत्नागिरीतच वाढली, मराठीच बोलायची, गरिबीत संसार केला, पोरंबाळं वाढवली आणि २००० साली गेली. मंडालेच्या राजाची नात चारचौघींसारखी इथल्या बाजारात भाजी घेत होती, आणि ते बघितलेली माणसं अजून या गावात आहेत. वाडा बघून झाला की त्यांच्यापैकी कुणाला तरी गाठून तिच्याविषयी विचारावं.