सावंतवाडीची गोल पाने

बेळगावहून वेंगुर्ल्याकडे जाणारा रस्ता आंबोलीपर्यंत देशावरचा असतो. घाट उतरला की तो कोकणचा होतो. दाणोली मागे पडते, माडापोफळींची दाटी वाढते आणि थोड्याच वेळात सावंतवाडी येते. आम्हां सीमाभागातील मंडळींना हे गाव परके नाही. गोव्याला जाता-येता आपण तेथे चहा घेतो, चितारआळीत मुलांसाठी लाकडी खेळणी खरेदी करतो आणि पुढची गाडी गाठतो. मात्र १८७४ साली बांधलेल्या मोती तलावाच्या काठावरील राजवाड्यात पाऊल टाकणारे फार थोडे. यंदाच्या दिवाळीच्या सुटीत मी भाच्याला बरोबर घेऊन मुद्दाम तेवढ्यासाठीच गेलो.

हा राजवाडा तिसऱ्या खेम सावंतांच्या काळातला, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्याच्या दरबार दालनात आज दरबार भरत नाही. तेथे चित्रकार मांडी घालून गंजिफा रंगवीत बसलेले असतात. गंजिफा म्हणजे आपल्याकडचे जुने खेळण्याचे पत्ते. आकाराने गोल, एका तळव्यात मावतील एवढे. चिंचोक्याच्या खळीने कागद ताठ करायचा, त्यावर बारीक कुंचल्याने चित्र काढायचे आणि शेवटी लाखेचा हात द्यायचा, अशी ही कृती. गेल्या शतकात ही कला मावळू लागली होती. राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि बडोद्याच्या गायकवाड घराण्यातून आलेल्या राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी जुन्या चिताऱ्यांची विद्या नव्या हातांत दिली, म्हणून ती वाचली. बडोदेकर वाचकांना याचा विशेष अभिमान वाटावा. २०२४ साली या गंजिफांना भौगोलिक मानांकनही मिळाले.

दशावतारी गंजिफेत १२० पाने असतात. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग, आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एकापासून दहापर्यंतची पाने. मूळ खेळ इराणकडून आला. बाबराने १५२७ साली सिंधमधील शाह हसन याला गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि अबुल फजलने 'आइन-इ-अकबरी'त बारा रंगांच्या १४४ पानांचे वर्णन केले आहे. त्या परदेशी खेळाला आपल्या लोकांनी अवतारांची वस्त्रे चढविली आणि तो घरचा करून टाकला.

भाचा पुण्याला नोकरीस असतो. पोकर नावाचा पाश्चात्त्य पत्त्यांचा खेळ त्याला संगणकावर अवगत झालेला. मांडलेली पाने पाहून त्याने विचारले, "मामा, दोघांचे डाव सारखेच आले तर यात जिंकले कोणी म्हणायचे?"

"आधी तुमच्या खेळात काय करता ते सांग," मी म्हटले.

तलावाच्या कठड्यावर बसून त्याने जे समजावले, ते पैशाचा भाग वगळता ऐकण्यासारखे होते. पोकरमध्ये प्रत्येकाचा डाव पाच पानांचा. बावन्न पानांतून असे २५,९८,९६० निरनिराळे डाव निघतात, आणि जो डाव जितका दुर्मिळ तितका त्याचा मान मोठा. नुसती एक जोडी असलेले डाव १०,९८,२४०, तर चारही पाने एका किमतीची असलेले अवघे ६२४. साहजिकच जोडीला जोडी वारंवार भिडते. तेव्हा प्रथम जोडीची किंमत पाहायची. राजांची जोडी राण्यांच्या जोडीला भारी. दोघांकडेही राजेच असतील, तर उरलेल्या तीन पानांपैकी सर्वांत मोठे पान ताडून पाहायचे. तेही सारखे असेल तर त्याखालचे, मग त्याखालचे. दोन-दोन जोड्या असतील तर आधी मोठी जोडी, मग लहान आणि शेवटी पाचवे पान. तीन अधिक दोन असा भरला डाव असेल तर तिघांची किंमत आधी. पाच पानांची सलग रांग असेल तर तिचे वरचे टोक पाहायचे. मात्र एक्का-दुर्री-तिर्री-चव्वी-पंजी या रांगेत एक्का खालच्या टोकाला बसतो, म्हणून ती रांग सर्वांत धाकटी.

"आणि पाचही पाने किमतीने सारखी निघाली तर?"

"तर बरोबरी. इस्पिक मोठे आणि बदाम लहान असे तेथे मानीत नाहीत. मधला ढीग निम्मा-निम्मा वाटून घ्यायचा."

आपल्याकडच्या तीन पत्तीत हा समंजसपणा नाही. तेथे डाव तंतोतंत जुळले तर ज्याने पाने दाखवायला सांगितली तोच हरला, असा सर्वसाधारण रिवाज आहे; घाई करणाऱ्याने घाईची किंमत मोजावी, हा त्यामागचा हिशेब.

गंजिफेत हा पेचच पडत नाही. तेथे डाव एकमेकांशी ताडून पाहायचे नसतात. एकेक पान टाकून हात जिंकायचे असतात. हुकूम नसतो. ज्या रंगाची उतारी झाली त्याच रंगाचे वरचढ पान हात नेते, आणि १२० पानांत एकासारखे दुसरे पान नाही. त्यातही एक गंमत आहे. राजा आणि प्रधान सर्वत्र वरच. पण पाच रंगांत त्यांच्याखाली दश्शी मोठी आणि एक्का धाकटा, तर उरलेल्या पाच रंगांत क्रम उलटा, एक्का मोठा आणि दश्शी धाकटी. पहिली उतारी कोणाची यावरही वाद नको म्हणून दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने सुरुवात करायची, आणि रात्री कृष्णाचा राजा असणाऱ्याने. कोणती पाने येऊन गेली हे ध्यानात ठेवल्यावाचून येथे निभाव लागत नाही. स्मरणशक्तीची अशी तालीम आमच्या शाळांतही मिळत नाही.

दरबार दालनातील एका चित्रकार बाईंना मी विचारले, "आपण खेळता का हो?" त्या हसल्या आणि मान हलवून पुन्हा नरसिंहाच्या आयाळीकडे वळल्या. संच नेणारे बहुतेक लोक तो काचेच्या चौकटीत लावण्यासाठी नेतात. कला वाचली, याचा आनंद आहेच. परंतु भिंतीवर लावलेल्या पानाला मोठे-धाकटेपण नसते. राजा आणि दश्शी तेथे सारखीच शोभिवंत. खेळणाराच उरला नाही तर क्रमही विसरला जाईल, आणि तो विसरला गेला की रंगविणाऱ्यालाही आपण काय रंगवितो ते केवळ चित्र म्हणूनच कळेल.

मराठी घरे बेळगाव, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद अशी दूरवर रुजली आहेत. कोणाच्या माळ्यावरच्या पेटीत गोल पानांचा जुना डबा असेल, कोणाच्या आजींना लहानपणी पाहिलेला खेळ आठवत असेल. खेळाच्या रीती गावोगाव थोड्या वेगळ्या असत; म्हणून कोणत्या पाच रंगांत एक्का मोठा, किती जण खेळत, पाने कशी वाटत, हे त्यांना विचारून आजच वहीत उतरवून ठेवावे. आणि सावंतवाडीहून संच आणलाच, तर तो चौकटीत लावण्याआधी एकदा चटईवर मांडावा.