माशांच्या पिल्लांचे विरजण

काचेच्या पेटीत रंगीत मासे पाळणे हा बंगलेवाल्यांचा षोक, असे आमच्या वस्तीतील जुनी माणसे अजून म्हणतात. परंतु चाळीच्या गॅलरीत बरण्या मांडून फायटर आणि गप्पी वाढविणारी पोरे आम्ही रोज पाहतो. त्यात चार पैसेही सुटतात. अडते ते पिल्लांच्या खाण्यापाशी.

दुकानात मिळणारे लाल किडे, म्हणजे ट्युबिफेक्स, सांडपाण्याच्या गाळात वाढतात. घाण जितकी अधिक, तितके त्यांचे झुपके दाट. ते पिशवीत भरून विकायला येतात, त्याआधी कोणीतरी त्या गाळात हात घातलेला असतो. तो कोणाच्या घरचा असतो, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. आमच्या वस्तीतील दहावीला राहिलेला एक मुलगा गुडघाभर नाल्यात उतरून हे किडे काढीत असे. "काका, दुकानदार रोख देतो," एवढेच त्याचे म्हणणे. पायाची जखम चिघळली तेव्हा त्याची आई आमच्याकडे आली. "भाऊ, तुम्ही सांगितलंत तर ऐकेल तो."

उंदराच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो अशाच जखमेवाटे अंगात शिरतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने तो भोगला आहे. ज्या गटारातून बाहेर पडण्यात आपल्या बापजाद्यांची हयात गेली, त्यात पोराने माशांपायी पुन्हा उतरावे, हे आम्हास पटेना. पण नुसते "उतरू नकोस" म्हणून भागत नाही. हाताला दुसरे काही द्यावे लागते.

फायटरची अंडी दीड-दोन दिवसांत फुटतात. नर बुडबुड्यांच्या घरट्याखाली पिल्ले सांभाळतो. आणखी दोन-तीन दिवसांनी ती आडवी पोहू लागली की पोटातली शिदोरी संपलेली असते. नराला तेव्हा बाजूला काढावे. कोरडे खाद्य या पिल्लांच्या तोंडात मावत नाही, तळाशी कुजते आणि पाणी बिघडते. याच आठवड्यात पिल्ले पटापट मरतात. त्यासाठी नर-मादी एकत्र सोडण्याआधीच एक बरणी लावून ठेवावी. माशांच्या टाकीतले जुने पाणी घ्यावे आणि त्यात कोबीच्या पानाचा तुकडा टाकावा. पाणी आधी गढूळ होते, वास मारते. चार-पाच दिवसांनी निवळू लागले की उजेडासमोर धरावे. धुळीसारखे कण स्वतःहून हलताना दिसले की खाणे तयार. थेंबाथेंबाने द्यावे.

पुढच्या आठवड्यासाठी मायक्रोवर्म. श्रीखंडाचा रिकामा डबा घ्या. शिजवलेल्या ओट्सचा किंवा भिजवलेल्या ब्रेडचा लगदा बोटभर पसरा, चिमूटभर यीस्ट भुरभुरा आणि वर चमचाभर विरजण टाका. विरजण म्हणजे दुसऱ्याच्या डब्यातला जिवंत लगदा. दह्यासारखेच हे, पहिल्यांदा शेजाऱ्याकडे मागावेच लागते. झाकणाला भोके पाडून आतून कापड लावावे, नाहीतर चिलटे शिरतात. थोड्याच दिवसांत मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे पांढरे किडे डब्याच्या भिंतीवर चढतात. ते बोटाने पुसून पाण्यात सोडायचे. आंबूस वास चालतो, सडका आला तर डबा फेकावा. दर पंधरवड्याला नवा डबा लावावा, म्हणजे वंश तुटत नाही.

आर्टेमियाची अंडी मिठाच्या पाण्यात दिवसभरात फुटतात, खाद्यही उत्तम. पण डबी महाग, आपल्या खिशाला ती रोजची नव्हे.

एका गोष्टीत मात्र आम्ही कोणाचे ऐकत नाही. फुकटचे खाद्य म्हणून कित्येक जण बादलीत डासांच्या अळ्या वाढवितात. मासे त्या आवडीने खातात हे खरे. परंतु उन्हाळ्या-पावसाळ्यात आठ-दहा दिवसांत अळीचा डास होतो आणि डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो. दहा बाय दहाच्या खोल्यांच्या चाळीत एक बादली विसरली की सगळा मजला तापाने पडायचा. मोइना, म्हणजे पाण्यातले बारीक पिसू, वाढवायचे तर बादलीवर जुन्या साडीचे कापड घट्ट बांधावे.

तो मुलगा आता नाल्यावर जात नाही. त्याच्या घरी फळीवर पाच डबे आहेत आणि वासावरून आईशी रोजचे भांडण. विरजण तो कोणालाही देतो, पैसे घेत नाही. रिकामा डबा मात्र आपला न्यावा लागतो.