थांबणेही नाचातलेच

आमच्या रत्नागिरीच्या घरात माजघराचा उंबरठा तसा बेताचाच. पण कंपवाताने जडावलेल्या यजमानांना तो डोंगरासारखा वाटू लागला. तेथे येताच त्यांचे पाय जमिनीला खिळत. मी "अहो, चला ना," म्हणत हात ओढी. गेल्या श्रावणात अशाच ओढाओढीत त्यांचा तोल गेला आणि ते पडले. मोडले काही नाही. पण त्यानंतर माझा हात पुढे होताच ते अंग आखडून घेऊ लागले.

दिवाळीत पुण्याची भाची आली. ती टँगो शिकते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्युनोस आयर्स आणि माँटेव्हिडिओ या बंदरांतील स्थलांतरितांच्या वस्त्यांत घडलेल्या या नृत्याची परिभाषा जगभर स्पॅनिशच राहिली आहे. त्यातले चार शब्द तिने आम्हांला दिले. 'आब्रासो' म्हणजे मिठी, जोडीदाराला धरण्याची रीत. 'एहे' म्हणजे अक्ष. हा शब्द समजायला मला वेळ लागला. कारण मंगळागौरीच्या फुगडीत भार एकमेकींच्या हातांवर असतो, येथे ज्याने त्याने आपला तोल सांभाळायचा. 'काम्बिओ दे पेसो' म्हणजे भार एका पायावरून दुसऱ्यावर नेणे. आणि 'पाउसा' म्हणजे थांबणे.

"मावशी, थांबणं म्हणजे चुकणं नव्हे, तोही नाचच. तिथे काकांना ओढू नकोस," ती म्हणाली.

कंपवाताच्या रुग्णांचा तोल टँगोच्या सरावाने सुधारल्याचे अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या मॅडलिन हॅकनी व गॅमन अर्हार्ट यांनी २००९ साली मांडले होते. तरीही आम्ही आधी फिजिओथेरपिस्टना विचारले. ते हसले. भार डावी-उजवीकडे देऊन मग पाऊल उचलावे, हे ते वर्षभर सांगतच होते. माझ्याच कानी ते शिरले नव्हते.

आता उंबरठ्याशी पाय अडले की मी समोर उभी राहते. त्यांचे हात माझ्या दंडांवर असतात. "पाउसा," ते म्हणतात. भार डावीकडे, उजवीकडे, मग पाऊल. आजार हटलेला नाही. औषधांच्या वेळाही त्याच आहेत. पण माझ्या हाताला ते आता बिचकत नाहीत.

परवा स्वयंपाकघरात मीच गुडघा धरून थबकले. ओटीवरून त्यांचा आवाज आला, "सावकाश. पाउसा आहे."